कचरागाडीचे म्हातारपण

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने जुलै २०२१ मध्ये मोटार वाहन नियमांत दुरुस्ती करून ‘विंटेज’ वाहन कशाला म्हणायचे हे कायद्याच्या भाषेत निश्चित केले. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे पूर्ण झालेले, मूळ स्वरूपात सांभाळलेले, ज्याच्या चासीत, बॉडीत आणि इंजिनात मोठा फेरफार झालेला नाही, असे वाहन या व्याख्येत बसते. नव्या नोंदणीसाठी वीस हजार रुपये शुल्क आहे, नोंदणी दहा वर्षे टिकते आणि क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे मिळतात. प्रदर्शन, जुन्या गाड्यांची फेरी, तांत्रिक संशोधन, इंधन आणि दुरुस्ती एवढ्यांसाठी ते वाहन रस्त्यावर आणता येते. या व्याख्येला एक कुंपण मात्र आहे. ती दुचाकींना आणि ‘एम-१’ वर्गातल्या, म्हणजे चालकाखेरीज जास्तीत जास्त आठ आसने असलेल्या प्रवासी मोटारींनाच लागू होते. मालवाहू वाहनांचा वर्ग निराळा. तो कुंपणाबाहेर राहिला.

पुढे जानेवारी २०२३ मध्ये याच नियमांत ‘५२-अ’ हा नियम आला आणि १ एप्रिल २०२३ पासून तो अमलात आहे. केंद्र व राज्य सरकारे, महापालिका, राज्य परिवहन उपक्रम, सार्वजनिक कंपन्या आणि स्वायत्त संस्था यांच्या मालकीच्या वाहनाची नोंदणी पंधरा वर्षांनी आपोआप संपते आणि ते नोंदणीकृत भंगार केंद्रातच मोडीत काढावे लागते. संरक्षण, कायदा-सुव्यवस्था आणि अंतर्गत सुरक्षा यांसाठीच्या विशेष वाहनांना यातून सूट आहे. या नियमामागचा हेतू वाईट नाही. जुनाट डिझेल इंजिने धूर ओकतात, त्यांचे ब्रेक दगा देतात, आणि तो धूर सर्वांत आधी गाडीवर काम करणाऱ्यांच्याच छातीत जातो. तक्रार हेतूबद्दल नाही. दोन्ही नियम शेजारी ठेवून वाचले की जे वाक्य तयार होते, त्याबद्दल आहे. एक नियम सांगतो की पन्नास वर्षे जगल्याखेरीज गाडीला वारशाचा मान नाही. दुसरा सांगतो की महापालिकेच्या गाडीला पंधरा वर्षांपलीकडे जगण्याची मुभा नाही. संस्थानिकाची मोटार म्हातारी होऊ शकते. कचरागाडी होऊ शकत नाही.

साहित्याच्या विद्यार्थ्यांनी आणि अध्यापकांनी या विषयात का पडावे, असा प्रश्न येथे रास्तपणे विचारला जाईल. माझे म्हणणे थोडक्यात असे की, कोणती वस्तू जपायची आणि कोणती मोडीत काढायची हा निर्णय मुळात वाचनाचाच निर्णय असतो. कोणती संहिता अभ्यासक्रमात राहील आणि कोणती रद्दीत जाईल, हे ठरवणारी दृष्टी आणि ही दृष्टी एकाच कुळातली आहे. म्हणून जुन्या कचरागाड्या शोधणे, ओळखणे आणि दुरुस्त करून सांभाळणे हा वरवर विक्षिप्त वाटणारा छंद मला आपल्या व्यवसायाच्या फार जवळचा वाटतो. तो आपल्याकडे रुजावा आणि कायद्याने त्याला जागा द्यावी, असे हा लेख मांडू पाहतो.

* * *

हा छंद कल्पनेतला नाही. इंग्लंड-अमेरिकेत अशा गाड्यांचे संग्राहक आहेत आणि त्यांचे ज्ञान थक्क करणारे आहे. लेचवर्थच्या शेल्वोक अँड ड्र्युरी या कंपनीची १९२०च्या दशकातली ‘फ्रेटर’ ही गाडी घ्या. तिला नेहमीचे स्टिअरिंग चाक नव्हते. नावेच्या सुकाणूसारख्या दांड्याने ती वळवीत. चाके मुद्दाम लहान ठेवली होती, कारण चाक लहान तर हौदा खाली, आणि हौदा खाली तर कचऱ्याचा डबा उचलणाऱ्या माणसाचे कष्ट कमी. अमेरिकेतल्या गारवुड कंपनीने १९३८ मध्ये ‘लोड-पॅकर’ आणली. मागे टाकलेला कचरा यंत्राने आत दाबणारी ही आरंभीची गाडी. नॉक्सव्हिल येथील डेम्प्स्टर बंधूंनी गाडीने उचलायची लोखंडी पेटी प्रचारात आणली आणि त्यांच्या आडनावावरून इंग्रजीला कचरापेटीसाठी ‘डम्प्स्टर’ हा शब्द मिळाला. जर्मनीतल्या आउग्सबुर्गची कूका कंपनी आज कारखान्यांतल्या यंत्रमानवांसाठी ओळखली जाते. एकेकाळी ती फिरत्या पिंपाच्या कचरागाड्यांसाठी प्रसिद्ध होती. जाणता संग्राहक मागच्या तोंडाचा बाक, दाबपट्टीची चाल, कडीचा आकार एवढ्यावरून बॉडी कोणाची आणि साधारण कोणत्या काळातली हे सांगतो.

हे काम अवघड आहे याचे कारण असे की, कचरागाडीला एक कर्ता नसतो. चासी आणि इंजिन एका कारखान्याचे, हौदा दुसऱ्याचा, दाबयंत्र कधी तिसऱ्याचे, रंग आणि नाव नगरपालिकेचे. त्यात कचऱ्याचे आंबट पाणी पत्रा खाते. हौद्याचा तळ सर्वांत आधी सडतो आणि गाडीच्या हयातीत तो बदलावाच लागतो. रंगाचा एक थर खरवडला की खाली आधीच्या खात्याचे नाव निघते, त्याखाली आणखी आधीचे. हे वर्णन वाचताना पाठचिकित्सेच्या तासाची आठवण होणे अपरिहार्य आहे. लेखकाच्या हातची प्रत उपलब्ध नाही, नकलाकारांनी भर घातली आहे, पाने बदलली आहेत, आणि तरीही ‘मूळ’ काय हे ठरवायचे आहे.

येथे दोन मार्ग संभवतात. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली तेव्हा त्यांनी शिरलेले अपपाठ काढले आणि ग्रंथ पुन्हा वाचनीय केला. इतिहासाचार्य राजवाड्यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी एक जुनी प्रत एकनाथपूर्व म्हणून छापली, तेव्हा त्यांचा भर प्राचीन रूप जसेच्या तसे पुढे ठेवण्यावर होता. भांडारकर संस्थेने १९१९ ते १९६६ या काळात सिद्ध केलेली महाभारताची चिकित्सक आवृत्ती याहून पुढे गेली. तिने संहिता निश्चित केलीच, शिवाय गाळलेले पाठही तळटीपांत आणि परिशिष्टांत जपले. गाडी दुरुस्त करणाऱ्यापुढेही हाच पेच असतो. कारखान्यातून निघाली तशी चकचकीत करायची, की निवृत्त झाली त्या दिवशीच्या पोचांसह राखायची? कारच्या शौकिनाला पहिला मार्ग सोपा वाटतो, कारण त्याची गाडी मिरवण्यासाठीच जन्मली होती. कचरागाडीचे खरे चरित्र मात्र तिच्या पोचांत, ठिगळांत आणि फाळक्यावर हात धरून धरून गुळगुळीत झालेल्या जागेत असते. तिच्या बाबतीत भांडारकरी मार्गच योग्य: जे बदलले ते नोंदवून ठेवायचे आणि काढलेला तुकडाही टाकायचा नाही.

एक गोष्ट येथे लक्षात घ्यावी. ‘मूळ स्वरूप’ हा शब्द २०२१च्या नियमात निकष म्हणून आला आहे. मालवाहू वर्ग उद्या त्या व्याख्येत घेतला, तरी हौद्याचा तळ तीनदा बदललेली कचरागाडी त्या निकषावर नापास होण्याचा धोका आहे. सांभाळलेल्या वस्तूचे मूळ रूप टिकते आणि राबलेल्या वस्तूचे बदलते, ही साधी गोष्ट त्या व्याख्येच्या ध्यानात आलेली नाही.

* * *

आता महाराष्ट्राकडे येऊ. १८९६च्या प्लेगनंतर मुंबईचा कचरा शहरापासून दूर नेण्याची निकड वाढली आणि देवनार-चेंबूरच्या दलदलीत तो टाकला जाऊ लागला. १९०६ मध्ये कुर्ला ते चेंबूर हा एकेरी लोहमार्ग कचऱ्याच्या गाड्यांसाठी बांधला गेला. प्रवाशांसाठी तो १९२४ मध्ये खुला झाला. हार्बर मार्गावरून आज जे विद्यार्थी आणि प्राध्यापक कुर्ल्याहून चेंबूरला जातात, त्यांचा मार्ग आधी कचऱ्याने आखलेला आहे. उपनगर नंतर आले, कचरागाडी आधी आली. मुंबईवर लिहिणाऱ्यांनी गिरणी, चाळ, लोकल आणि समुद्र यांना प्रतिमांचे वैभव दिले. शहराची हद्द ओढणाऱ्या या गाडीच्या वाट्याला तसे काही फारसे आले नाही.

अपवाद आहेत, आणि ते मोलाचे आहेत. दया पवारांच्या ‘बलुतं’मध्ये (१९७८) कावाखान्यातल्या बायका रस्त्यावरून चिंध्या, कागद, काच गोळा करतात, कचरा म्हणजे कोणाची तरी भाकरी असते हे मराठी वाचकाला त्या पुस्तकाने विसरू दिले नाही. अरुण कोलटकरांच्या ‘काळा घोडा पोएम्स’ या इंग्रजी संग्रहात (२००४) ‘मीरा’ नावाची कविता आहे. तीत रस्ता झाडणारी स्त्री कचऱ्याच्या ढकलगाडीत उतरते आणि आणखी कचरा मावावा म्हणून तो पायांनी तुडवते. कवीला त्या तुडवण्यात नृत्य दिसते आणि शीर्षकामुळे ती भक्तीच्या परंपरेत जाऊन उभी राहते. या कवितेच्या सौंदर्याबद्दल पुष्कळ बोलता येईल. मला तिच्यातली यांत्रिक वस्तुस्थिती अधिक महत्त्वाची वाटते. गारवुडने १९३८ मध्ये जे काम यंत्राकडे सोपवले, ते काम कोलटकरांच्या काळ्या घोड्याच्या चौकात एक बाई अनवाणी करते आहे. दाबयंत्राचा इतिहास लिहायचा तर त्यात तिचे पाय यायला हवेत, आणि कवितेचे नीट वाचन करायचे तर दाबयंत्र काय असते हे ठाऊक हवे.

गाड्या ओळखण्याचा छंद साहित्याच्या वाचकाला देऊ शकेल ते हेच. दुसरे उदाहरण हौद्याच्या उंचीचे. फ्रेटर गाडीची लहान चाके आपण वर पाहिली. आपल्याकडे कचरा वाहण्यासाठी अनेक दशके साधे मालवाहू ट्रकच वापरात होते. टेल्कोने १९५४ मध्ये डाइम्लर-बेंझच्या सहकार्याने जमशेदपूरला ट्रक काढायला सुरुवात केली; कुर्ल्याच्या प्रीमिअर कारखान्यातूनही ट्रक निघत. या ट्रकांचा हौदा धान्याची पोती आणि सिमेंट वाहण्यासाठी बेतलेला होता. त्याचा तळच माणसाच्या छातीच्या उंचीवर, त्यावर फळ्यांच्या भिंती. त्यात कचरा टाकायचा तर पाटी डोक्यावर घेऊन फळीवरून किंवा शिडीवरून चढावे लागते, आणि पाटीतले पाणी मानेवरून ओघळते. मुंबई महापालिकेत या कामाला ‘मोटर लोडर’ असे पदनाम आहे. नाव मोटरीचे आहे, उचलतो माणूस. संग्रहालयात अशी एक गाडी उभी असेल आणि तिच्याशेजारी ती फळी आणि ती पाटी ठेवलेली असेल, तर दलित आत्मकथने शिकवताना एका सत्राच्या व्याख्यानाने जे पोचत नाही ते विद्यार्थ्याला पाच मिनिटांत कळेल.

छायाचित्रकार सुधारक ओलवे यांनी मुंबईच्या सफाई कामगारांचे काम आणि जगणे दीर्घकाळ चित्रित केले. त्यांची छायाचित्रे हा आज आपला एक मोठा दस्तऐवज आहे. पण छायाचित्रात उंची मोजता येत नाही, पत्र्याला हात लावता येत नाही. त्यासाठी वस्तूच हवी.

* * *

या प्रतिपादनावर एक गंभीर आक्षेप आहे आणि तो टाळून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. पाश्चात्त्य संग्राहकाला कचरागाडीबद्दल वाटते ती लहानपणीची ओढ असते. मॅचबॉक्सच्या खेळण्यांत तिकडे कचरागाडीही होती. आपल्याकडे या गाडीवर कोण चढले हे जातीने ठरवले. ज्या घरातल्या तीन पिढ्या त्या हौद्यात उतरल्या, त्या घराने या गाडीचे ‘जतन’ कौतुकाने का पाहावे? ज्याच्या आजोबाने कधी पाटी उचलली नाही त्याने रविवारी गॅरेजमध्ये बसून हौद्याला रंग द्यावा, हा छंद क्रूर नाही काय? दुसऱ्याच्या वेठीची आपण स्मरणरंजनात विल्हेवाट लावत नाही ना?

हा आक्षेप मला पूर्णपणे मान्य आहे. त्यातून निघणारा निष्कर्ष मात्र मान्य नाही. गाडी मोडीत काढल्याने वेठ मोडीत निघत नाही, फक्त तिचा पुरावा जातो. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुंबई महापालिकेच्या २,७०० कंत्राटी सफाई कामगारांना कायम करण्याच्या बाजूने निकाल दिला. कचरा वाहतूक श्रमिक संघाने चालवलेल्या त्या लढ्याच्या मुळाशी प्रश्न हाच होता की, हे कामगार नेमके कोणाचे? कंत्राटी पद्धतीत गाडी एकाची, काम दुसऱ्याचे, हजेरी तिसऱ्याकडे. अशा व्यवस्थेत कोणत्या क्रमांकाच्या गाडीवर कोण होते ही नोंद छंदाची बाब राहत नाही. ती हक्काची बाब होते. महापालिकेच्या स्वतःच्या गाड्या पंधरा वर्षांनी भंगारात जातात. कंत्राटदाराची गाडी खासगी मालकीची असल्याने ५२-अ तिला लागत नाही, पण काम संपले की तिच्यावरचे नाव पुसले जाते आणि ती दुसरा माल वाहू लागते. दोन्ही प्रकारांत साक्षीदार नाहीसा होतो.

म्हणून अट अशी असावी की, गाडी एकटी जपू नये. तिच्यावर राबलेल्या माणसांची नावे, त्यांची पदे, त्यांचे पगार, त्यांचे आवाज तिच्याबरोबर जपावेत, आणि ती कशी मांडायची हे ठरवताना त्या घरांतल्या मुलामुलींचा शब्द अखेरचा असावा. न्यूयॉर्कच्या स्वच्छता खात्यात १९७७ पासून मिअर्ल लेडरमन युकलीस ही कलावंत निवासी कलाकार म्हणून काम करीत आली आहे. १९७९-८० मध्ये तिने त्या खात्यातल्या साडेआठ हजार कामगारांना एकेक करून भेटून हस्तांदोलन केले आणि आभार मानले. १९८३ मध्ये तिने एका कचरागाडीला बाहेरून आरसे जडवले. गाडी रस्त्यावरून जाताना दोन्ही बाजूंच्या नागरिकांना त्या गाडीत स्वतःचेच रूप दिसे. हस्तांदोलन ही कृती तिथे सौजन्याची होती. जिथे स्पर्श हाच व्यवस्थेचा पाया होता, तिथे तिचा अर्थ कितीतरी खोल जातो, हे डॉ. आंबेडकरांच्या वाचकाला सांगायला नको.

स्पर्शाप्रमाणेच आवाजाचाही एक इतिहास आहे. फाहियान या चिनी प्रवाशाने पाचव्या शतकाच्या आरंभी लिहून ठेवले की, चांडाळ नगरात शिरताना लाकूड वाजवीत, म्हणजे लोक ऐकून दूर होत. आंबेडकरांनी ‘जातिनिर्मूलन’ या १९३६च्या निबंधात पेशवाईतल्या पुण्यात अस्पृश्याच्या कमरेला झाडू आणि गळ्यात मडके असे, याची नोंद केली आहे. या पार्श्वभूमीवर ‘घंटागाडी’ या शब्दाकडे पाहावे. शहराच्या स्वच्छतेसाठी वाजणारा हा आवाज लोकांना दूर पिटाळत नाही. तो त्यांना घराबाहेर, गाडीजवळ बोलावतो. दीड हजार वर्षांत आवाजाची दिशा उलटली, आणि मराठी भाषेने त्यासाठी किती सहज शब्द घडवला! मात्र आता पुष्कळ गावांत घंटेच्या जागी कर्ण्यावरून गाणी आणि सूचना वाजतात. शब्दात घंटा आहे, गाडीवर नाही. शब्द उरतो आणि वस्तू जाते, याची उदाहरणे आपण भाषाविज्ञानाच्या वर्गात नेहमी जुन्या काळातली देतो. हे उदाहरण आपल्या दारात घडते आहे.

वस्तूही वेगाने जाते आहे. आजची घंटागाडी पुष्कळदा ज्या लहान ट्रकावर बांधलेली असते, तो टाटा एस २००५ मध्ये आला. म्हणजे पहिल्या पाच वर्षांत महापालिकांनी स्वतःच्या नावे घेतलेल्या त्या सगळ्या गाड्यांची पंधरा वर्षे भरली आहेत आणि नियमाप्रमाणे त्या भंगारात जायच्या आहेत. घंटागाडीची एक आख्खी पिढी आपल्यासमोर संपते आहे.

* * *

जतनाचा विषय आपल्याकडे नवा नाही. निवडीचा प्रश्न नवा आहे. ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहिणाऱ्या दिनकर केळकरांनी अडकित्ते, दिवे, दौती अशा घरगुती वस्तू जमवल्या आणि पुण्यातले राजा दिनकर केळकर संग्रहालय उभे राहिले. अहिल्यानगरला १९९४ पासून रणगाड्यांचे संग्रहालय आहे. दिल्लीत सुलभ संस्थेने १९९२ मध्ये शौचालयांचे संग्रहालय काढले आणि सुरुवातीची थट्टा ओसरल्यावर ते अभ्यासाचे ठिकाण झाले. मुंबईत सप्टेंबर २०२३ मध्ये बेस्टची जुनी डिझेलवरची दुमजली बस अखेरची धावली आणि ऑक्टोबरअखेर प्रीमिअर पद्मिनी टॅक्सी थांबली, तेव्हा लोक निरोपाला जमले, वर्तमानपत्रांनी रकाने भरले. ज्या वाहनात आपण बसलो त्याला आपण निरोप देतो. ज्या वाहनाने आपले टाकलेले उचलले, त्याला निरोप देण्याची आपल्याला सवय नाही.

याचे सर्वांत बोलके उदाहरण मला माझ्याच जिल्ह्यात दिसते. धाराशिव जिल्ह्यातले तेर म्हणजे प्राचीन तगर. ‘पेरिप्लस’ या पहिल्या शतकातल्या ग्रीक प्रवासग्रंथात पैठण आणि तगर येथून माल गाड्यांवर लादून, धड वाट नसलेल्या मुलखातून भडोचला जातो असा उल्लेख आहे. तेरमधल्या रामलिंगप्पा लामतुरे या दुकानदाराने गावाच्या पांढरीत सापडणाऱ्या वस्तू आयुष्यभर जमवल्या. मातीच्या बाहुल्या, मणी, खापरे, शंखाच्या बांगड्यांचे तुकडे. शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या लेखी हा कचराच होता. त्या छंदातून पुढे शासनाचे संग्रहालय उभे राहिले आणि त्यातली हस्तिदंती स्त्रीमूर्ती पॉम्पेईत सापडलेल्या मूर्तीशी ताडून पाहायला जगभरचे अभ्यासक येतात. पांढरीतून निघालेल्या वस्तूंतला मोठा वाटा दोन हजार वर्षांपूर्वी कोणीतरी टाकून दिलेल्या किंवा फुटल्यामुळे फेकलेल्या वस्तूंचा असतो. ते खापर आपण काचेच्या पेटीत ठेवले आणि योग्यच केले. तगरच्या त्या गाड्यांचा मात्र एका ग्रंथात उल्लेख तेवढा उरला. गाडी कशी होती, हौदा केवढा होता, ती कोण हाकीत असे, हे त्या खापरांवरून कळत नाही.

ज्या तेरखेड्याहून हे लिहितो आहे ते गाव शोभेच्या दारूकामासाठी ओळखले जाते. येथे तयार होणारी वस्तू क्षणभर उजळते आणि दुसऱ्या क्षणी रस्त्यावरचा कागद होते. दिवाळीच्या पहाटे तो कोणीतरी झाडून गाडीत भरतो. उजेड आपल्या आठवणीत राहतो आणि झाडणारा राहत नाही. गाव सोलापूर-धुळे महामार्गावर आहे. या वाटेने भंगारात निघालेल्या गाड्याही जातात, आणि त्यांतली कोणती कोणत्या नगरपालिकेची होती हे ओळखू शकेल असा डोळा आपण तयार केलेला नाही.

तो तयार करायला फार काही लागत नाही. नियम ५२-अ मध्ये संरक्षण आणि सुरक्षेच्या वाहनांना जशी सूट आहे, तशी जतनासाठी निवडलेल्या, रस्त्यावर न धावणाऱ्या सार्वजनिक वाहनांनाही मिळावी. इंजिन निकामी करून गाडी संग्रहालयाला देता येईल अशी तरतूद पुरेशी आहे. विंटेजच्या व्याख्येत मालवाहू वर्ग यावा आणि ‘मूळ स्वरूप’ या निकषाला कामाच्या ओघात झालेल्या बदलांची जोड मिळावी. प्रत्येक महापालिकेने आपल्याकडच्या प्रत्येक प्रकारची एक गाडी राखावी: साधा ट्रक, पेटी उचलणारा डंपर प्लेसर, कॉम्पॅक्टर, पहिली घंटागाडी आणि कागद-काच-पत्रा वेचणाऱ्या बायांची ढकलगाडीसुद्धा. हे होईपर्यंत मराठीच्या विभागांना एक काम विनापरवानगी करता येईल. एम.ए.च्या विद्यार्थ्याला एखाद्या कादंबरीतल्या प्रतिमासृष्टीऐवजी आपल्या गावच्या कचरागाडीचा शोधनिबंध द्यावा: चासी क्रमांक, हौदा कोणी बांधला, रंगाखालची नावे, चालक आणि लोडर कोण होते, त्यांचे शब्द कोणते होते. त्या शब्दांपैकी कितीतरी आपल्या कोशांत सापडणार नाहीत, आणि तेवढ्यानेही निबंध सार्थकी लागेल.

उकिरड्याची दैना बारा वर्षांनी फिटते, असे मराठी म्हण म्हणते. उकिरड्याला बारा वर्षे देणाऱ्या समाजाने तो वाहणाऱ्या गाडीला पंधराव्या वर्षी भट्टीत घालावे आणि तिच्याबरोबर ती चालवणाऱ्यांचे नावही, हे म्हणीच्या औदार्याला शोभणारे नाही. या विषयावर, विशेषतः ज्यांच्या घरात या गाडीची आठवण वेदनेची आहे त्यांच्याकडून, मतभेद झाले तर ते ऐकायला हवेत. एखादी गाडी अजून एखाद्या गाडीतळावर उभी असेपर्यंत ही चर्चा झालेली बरी.